जात्यांनी बुजवलेली खांड

रविवार, फाल्गुन शुद्ध चतुर्दशी, होळीचा आदला दिवस. दुपारी एक वाजता खाडीच्या धक्क्यावर हजर: माझी आत्या, वय सत्त्याहत्तर. माझ्या सासूबाई, वय त्र्याहत्तर. चुलतभाऊ, ज्याची होडी. निवृत्त गुरुजी, ज्यांची वही. आणि मी, जिची यादी. गैरहजर: पाणी. पण हे कळायला आम्हाला सव्वा तास लागला.

बरोबर घेतलेलं सामान यादीप्रमाणे सांगते, कारण पुढे त्यातल्या बऱ्याच वस्तूंचा उपयोग झाला, फक्त ज्यासाठी घेतल्या होत्या त्यासाठीच नाही. तांदळाच्या भाकऱ्या वीस, सुकटीची चटणी, ती वाढायला डाव, कलिंगड एक, पिण्याच्या पाण्याचे दोन कॅन, छत्र्या तीन, डासांचं मलम, आणि आत्यासाठी घरातली एक प्लास्टिकची खुर्ची.

आमचं गाव मानकोलीपासून जवळ, खाडीच्या काठाला. मी लहान असताना गावाच्या तिन्ही बाजूंना भातशेती होती. आता तिन्ही बाजूंना गोदामं आहेत आणि त्यातल्या एका गोदामात, म्हणजे चुलतभावाच्याच, मी वीस वर्षं माल पाठवायचं काम बघते. कुठला ट्रक कुठे, किती पेट्या, किती वाजता. यादीशिवाय मला भाजी आणायलाही जमत नाही. म्हणून गावाने चैत्रातल्या जत्रेला आपल्या आठवणींची पुस्तिका काढायचं ठरवलं तेव्हा लिहायचं काम गुरुजींकडे गेलं आणि बाकी सगळं माझ्याकडे आलं.

पुस्तिकेतलं एक प्रकरण खाडीचं होतं. कुठल्या बांधाला काय म्हणत, मीठ कुठे पिकायचं, भरतीचं पाणी शेतात शिरू नये म्हणून बांधात जे दार बसवत ती उघाडी कुठे होती, हे सगळं. हे माहीत असलेली गावात एकच व्यक्ती उरली होती, आत्या. आणि आत्याची एकच अट होती.

"घरात बसून खाडी सांगायला मी काय पोपट हाय? होडीत बसवा, दाखवते."

खरं कारण वेगळं होतं, आणि ते होडीतल्या पाचही जणांना माहीत होतं. गुरुजींच्या कच्च्या मसुद्यात एक वाक्य होतं: 'एकदा उधाणात बांधाला मोठी खांड पडली असता ग्रामस्थांनी मातीचा भराव घालून ती बुजवली.' आत्याला हे वाक्य मान्य नव्हतं. तिचं म्हणणं असं, की खांड पडली तेव्हा गावात पुरुष नव्हतेच, सगळे मिठागरावर. बायकांनी माती टाकली, ती पाण्याने नेली. दगड जवळपास नाहीत. तेव्हा सात घरच्या बायकांनी आपापल्या घरचं दळायचं जातं उचलून आणलं, वरच्या दगडांच्या भोकांतून होडीच्या नांगराचा दोर ओवला आणि ती माळ खांडीत सोडली. तिच्यावर मग माती थांबली. पुरुष दुसऱ्या दिवशी आले, त्यांनी वर आणखी भराव घातला, आणि गोष्ट त्यांची झाली.

"बायकांनी बुजवली. जात्यांनी," आत्या दर वेळी सांगायची.

"पुरावा काय?" गुरुजी दर वेळी विचारायचे. गुरुजी चाळीस वर्षं शिकवत होते, त्यांना तोंडी उत्तर चालत नसे.

आता यात माझ्या सासूबाई कुठून आल्या, ते सांगते. त्या सातांतली सहा घरं बरी होती. त्यांनी वर्ष-दोन वर्षांत नवं जातं घेतलं आणि विषय संपला. आत्याच्या माहेरी, म्हणजे माझ्याच वडिलांच्या घरी, पुढे बारा वर्षं जातं आलं नाही. मधे आत्याचं लग्न ठरलं. आमच्याकडे नवरीची हळद घरच्या जात्यावर दळतात, बायका गाणी म्हणत. घरात जातंच नाही, तेव्हा आत्याची हळद शेजारच्या घरी दळली गेली. ते शेजारचं घर म्हणजे माझं आताचं सासर, आणि जातं त्यांच्याकडचं पिढीजात. त्या दिवसापासून साठ वर्षं आमच्या सासरच्या बायकांकडे एक वाक्य वारसाहक्काने चालत आलं: 'यांनी जातं विकून खाल्लं, हळद आमच्या जात्यावर दळली.' ते वाक्य सासूबाईंना त्यांच्या सासूने दिलं. मला द्यायची त्यांची फार इच्छा होती, पण मी त्याच घरची मुलगी, त्यामुळे माझ्या बाबतीत ती सोय नव्हती.

आत्याला म्हातारपणी दुसरं काहीही नको होतं. पुस्तिकेत एक ओळ हवी होती. आणि मसुदा होळी झाली की छापखान्यात जाणार होता.

तर भरतीची वेळ. आमच्या खाडीत पाणी कधी भरणार हे काढायची जुनी रीत आहे. तिथीचा पाऊणपट करायचा, तेवढे वाजता बंदरावर भरती. चतुर्दशी म्हणजे साडेदहा. पाणी आत आमच्या गावापर्यंत यायला तासभर लागतो, म्हणून एक तास मिळवायचा. साडेअकरा. आत्याने हे सगळं मनात केलं आणि चुलतभावाला सांगितलं, "साडेअकराला भरती." चुलतभावाला वाटलं, म्हातारीने बंदराची वेळ सांगितली. त्याने आपला तास मिळवला आणि मला सांगितलं, "बाय, साडेबाराला." मला वाटलं, हा मोबाईलमध्ये बघून सांगतोय, मोबाईलला आपली खाडी काय माहीत? मी एक तास मिळवला. यादीत लिहिलं: भरती दीड. निघणे एक. परत तीन.

एकच तास आम्ही तिघांनी मिळवला, तिघांनीही बरोबर पद्धतीने.

त्यामुळे आम्ही आरामात जेवून, सुपारी खाऊन, पाणी अजून चढतंय अशा समजुतीत उतरत्या पाण्यात निघालो. होडी मस्त पळत होती. चुलतभाऊ खूश. "बघ कशी जाते! इंजिन न्हाय लावलं तरी जाते!" अर्थातच जात होती. सगळी खाडीच समुद्राकडे चालली होती.

आत्या होडीच्या मध्यात खुर्ची टाकून बसली होती, डोक्यावर छत्री, आणि बोटाने एकेक जागा दाखवत होती. गुरुजी लिहीत होते. सासूबाई तिच्याकडे पाठ करून बसल्या होत्या, पण प्रत्येक नावाला मान हलवून "असंल" म्हणत होत्या. जुन्या उघाडीजवळ आत्या म्हणाली, "इथनं आत घे. खांड इथंच होती." चुलतभावाने होडी तिवरांच्या मधल्या अरुंद फाट्यात घातली. साठेक पावलांवर बांध दिसत होता. तिथे होडीने एक सुस्कारा टाकला आणि थांबली.

"काय झालं रं?" आत्या.

"काय न्हाय. भरती येतेय ना, उचलंल आत्ता."

आम्ही दहा मिनिटं भरतीची वाट पाहिली. होडी एका बाजूला कलली. कलिंगड गडगडत गुरुजींच्या पायाशी आलं.

"तुला किती वाजता सांगितलेली भरती?" आत्याने विचारलं.

"साडेअकरा."

"मग आता किती वाजले?"

"सव्वादोन. पन तुझे साडेअकरा म्हणजे साडेबारा ना?"

"आनि ह्याचे साडेबारा म्हणजे दीड," मी म्हटलं. यादी हातात होती, लपवायला जागा नव्हती.

आत्या आधी माझ्याकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. मग तिचं पोट हलायला लागलं, मग खुर्ची, मग होडी. "अरे, खाडीत जन्मलेली मानसं तुम्ही! माझे साडेअकरा म्हणजे साडेअकराच!"

"एका घरातली तीन मानसं," सासूबाई पहिल्यांदाच वळून म्हणाल्या, "तिघांना मिळून एक तास मोजता आला न्हाय."

पाणी आता डोळ्यांदेखत चाललं होतं. चुलतभावाने बूट काढले, पँट दुमडली आणि "मी ढकलतो" म्हणत उतरला. तो उतरला तो मांड्यांपर्यंत. एक पाय वर काढला की दुसरा आत जायचा. त्याच्या आजूबाजूला चिखलातले निवटे मासे टुणटुण उड्या मारायला लागले.

"दादा, दोन पकड," मी म्हटलं. "रात्री कालवण करू."

"बाय, मला हितनं काढ, मग कालवण कर!"

शेवटी त्याने होडीला टेकून गोदामावरच्या मुकादमाला फोन लावला. आवाज मोठा ठेवला होता म्हणून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"क्रेन भेज. जल्दी."

"किधर, सेठ?"

"खाडी में."

"सेठ, होली तो कल है ना? आज से ही चालू?"

सासूबाईंनी पदर तोंडात कोंबला. गुरुजी वहीत बघू लागले. मी फोन घेतला, कारण हे काम माझं होतं. चिखलावरून चालायचं तर काय लागतं? रुंद, सपाट, लाकडी. आमच्याकडे काय पडलेलं असतं? माल ठेवायच्या लाकडी चौकटी, पॅलेट. "खाली पॅलेट कितने हैं?"

"चालीस-पचास होंगे, मैडम."

"चालीस टेम्पो में डालो. पुराने बांध पे लाओ. आठ आदमी. और चाय."

"मैडम, चलान किसके नाम से बनाऊँ?"

मी यादीत नाव शोधू लागले. "बुढ़िया दो नग, ऐसा लिखो," असं आत्याने होडीतून ओरडून सांगितलं.

टेम्पो यायला अडीच-तीन तास लागणार होते. रस्त्याला कोन गावापासून गाड्यांची रांग होती, आणि दुसऱ्या दिवशीच्या होळीसाठी अर्धे लोक सुट्टीवर. आम्ही भाकऱ्या काढल्या. जेवून दोनच तास झाले होते, तरी वीसच्या वीस संपल्या. कलिंगड फोडायला सुरी नव्हती म्हणून चुलतभावाने ते होडीच्या कडेवर आपटलं. डासांचं मलम गुरुजींनी उन्हाचं समजून तोंडाला लावलं. कललेल्या होडीत आम्ही सगळे एका बाजूला घसरत होतो आणि दर पाच मिनिटांनी आत्या खुर्चीसकट सासूबाईंच्या मांडीवर येत होती.

"विहीणबाय, सरका."

"कुठं सरकू? खाडीत?"

"खाडीतच सरका, आमचं जातं बघून या."

"जे विकलं ते खाडीत कसं मिळंल?"

हे हसतच चाललं होतं, पण आत्याने छत्री उघडून दोघींच्या मधे धरली. साठ वर्षं ऐकलं तरी ते ऐकायची सवय तिला झाली नव्हती.

साडेचार झाले असतील. फाट्यात आता पाण्याची एक रेघ तेवढी उरली होती. बांधाच्या पायथ्याशी, जिथे कधी कोणी बघत नाही, तिथला चिखल उघडा पडला. आत्याने बोलता बोलता छत्रीने तिकडे खूण केली. मग मलाही दिसलं. चिखलातून पाच गोल पाठी वर आलेल्या, उघाडीच्या बाजूने एका ओळीत, वर कालवांचे शिंपले चढलेले; उरलेली दोन पलीकडच्या टोकाला चिखलातच असणार. थाळीत शेजारी शेजारी ठेवलेल्या भाकऱ्यांसारख्या.

गुरुजींनी चष्मा पुसला. "नैसर्गिक खडक असू शकतात."

"नैसर्गिक खडकाला मधोमध भोक असतं व्हय, गुरुजी?"

चुलतभाऊ चिखलात होताच. त्याने जेवणातला डाव मागून घेतला आणि पोटावर सरपटत तिकडे निघाला. गोदामांचा मालक, पांढरा शर्ट, हातात डाव. मी फोटो काढला. तो मी कोणालाही दाखवणार नाही असं त्याला सांगितलं आहे.

तो अर्ध्या वाटेवर असताना आत्या उठली. होडीच्या कडेला धरून, तिकडे न बघता, गुरुजींकडे बघून बोलली. "लिहा आधी. तो सांगायच्या आधी लिहा. आमच्या आयचं उघाडीकडून दुसरं. खुंट्याची दोन भोकं असतील. पहिल्याशी दगड चिरला, म्हणून पाथरवटानं समोरच्या अंगाला दुसरं पाडून दिलेलं. आयनं माझ्या देखत ओवलं, मी सात वर्षांची होते. लिहिलं?"

"लिहिलं."

"आता विचारा त्याला."

"उघाडीकडून पहिलं बघ!" गुरुजी ओरडले. वर्गात ओरडायचे तसे.

डाव खरवडल्याचा आवाज आला. "मधे मोठं भोक! कडेला एक छोटं!"

"एकच?"

"एकच!"

"दुसरं बघ!"

चुलतभाऊ सरकला. बराच वेळ कालवं खरवडत राहिला. सासूबाई तर गुडघ्यांवर उभ्या राहून बघत होत्या.

"एक भोक!" तो म्हणाला.

आत्याने आता तिकडे वळून बघितलं.

"थांबा थांबा... ह्या अंगाला पन हाय! चिखल भरलाय! दोन! आत्या, दोन भोकं!"

मग काय झालं ते नीट सांगता येणार नाही. गुरुजींनी वही उंच धरली आणि त्यांचा तोल गेला. मी त्यांना धरलं आणि माझा गेला. चुलतभाऊ चिखलात हात वर करून नाचायचा प्रयत्न करत होता, म्हणजे कमरेपासून वरचा नाचत होता, खालचा जागेवर होता. आत्या रडत नव्हती, हसतही नव्हती. ती खुर्चीत बसली आणि सरळ सासूबाईंच्या मांडीवर आली.

या वेळी सासूबाईंनी तिला ढकललं नाही. "खरंच टाकलेलं तर," त्या म्हणाल्या. "आमच्या सासूनं खोटंच सांगितलं मला."

आत्याने त्यांच्याकडे बघितलं. तिच्या डोळ्यांत एक चमक आली, आणि मी मनात म्हटलं, आता आलं.

"विहीणबाय, एक विचारू? खांड बुजवायला सात घरांनी जातं दिलं. मग माझ्या लग्नात तुमच्या घरी ते जुनं जातं कसं होतं?"

सासूबाईंनी कलिंगडाची साल उचलून खाडीत टाकली.

"दिलं न्हाय, म्हणून होतं! साठ वर्षं सांगत फिरलात, हळद आमच्या जात्यावर दळली, हळद आमच्या जात्यावर दळली!"

गुरुजी इतके हसले की मलम डोळ्यांत गेलं. मी सासूबाईंकडे बघायचं टाळलं, मला त्याच घरात परत जायचं होतं. सासूबाईंनी पदर सारखा केला, नाक वर केलं.

"पन दळली तर खरी!" त्या म्हणाल्या.

दोघी एकमेकींना टेकून इतक्या हसल्या, की होडी आणखी कलली आणि पाण्याचे दोन्ही कॅन खाडीत गेले.

सव्वापाचला बांधावर टेम्पो दिसला. आठ माणसं पॅलेट डोक्यावर घेऊन उतरली. आधीचं पॅलेट टाकायचं, त्यावर उभं राहून पुढचं टाकायचं. मुकादमाने होडीकडे, मग चिखलातल्या मालकाकडे पाहिलं आणि अतिशय अदबीने विचारलं, "सेठ, आपको भी लोड करना है?" अर्ध्या तासात वाट तयार झाली. चहाची किटलीसुद्धा त्याच वाटेने होडीपर्यंत आली.

वाट सरळ बांधाकडे जाऊ शकत होती. मी ती थोडी वाकडी घ्यायला सांगितली, त्या दगडांजवळून. चार पॅलेट जास्त लागली.

दोघी म्हाताऱ्या हातात हात घालून, छत्र्या टेकत निघाल्या. दुसऱ्या दगडाजवळ आत्या थांबली. वाकणं तिला जमत नाही, म्हणून सासूबाईंनी तिला कमरेला धरलं. तिने मधल्या भोकात मूठ घातली, जशी दळताना धान्याची घालतात तशी, आणि काढली. मग मला म्हणाली, "हलकं जातं होतं. आय म्हणायची, तुझ्यासारख्या पोरीलापन फिरवता येईल." आणि पुढे चालायला लागली. बांधावर चढल्यावर गुरुजींनी टेम्पोच्या बोनेटवर वही ठेवली, ग्रामस्थांचं वाक्य खोडलं आणि आत्याला विचारून नवं लिहिलं. ते मी तिथेच टाईप करून छापखान्याला पाठवलं, उगाच कोणाचं मन बदलायला नको.

त्याला आता दोन आठवडे झाले. ओळ छापली जाणार हे नक्की आहे. आत्याने ती लॅमिनेट करून मागितली, मी करून दिली. गोष्ट गावभर झाली आणि नवीन अडचण उभी राहिली. आत्याला सातांतली पाच घरं आठवतात. उरलेल्या दोन जागांसाठी आतापर्यंत अकरा घरांनी दावा केला आहे. ज्यांनी साठ वर्षं ही गोष्ट थट्टेवारी नेली ते आता आत्याकडे कोलंबी पाठवतात. आत्या कोलंबी घेते आणि "आठवून सांगते" म्हणते. मी तिला विचारलं, खरंच आठवतंय का? ती म्हणाली, "कोलंबी संपली की आठवंल."

सासूबाईंनीही काल सकाळी भाजी निवडता निवडता मला सांगितलं, की आपल्या घरून जातं गेलं नसेल, पण पाटा गेला होता. मसाला वाटायचा पाटा. त्यांच्या सासू एकदा बोलल्या होत्या म्हणे. भोक नसल्यामुळे तो दोरात ओवला नाही, तसाच टाकला, म्हणून दिसला नाही. मी विचारलं, "आई, नक्की?" त्या म्हणाल्या, "तुझ्या आत्याचं शोधलंस, आता सासरचं शोधायला हात मोडले काय?"

हे मी आत्याला सांगितलं. मला वाटलं, ती हसेल. तिने लॅमिनेट केलेली ओळ बाजूला ठेवली आणि म्हणाली, "दोन मानसं एक सपाट दगड धरून पळत होती, ते आठवतंय मला. बायका कुठल्या, ते न्हाय आठवत. शोध."

गुरुजींनी पानात एका ओळीची जागा मोकळी ठेवली आहे. छापखाना आठवडाभर थांबेल. चुलतभाऊ म्हणतो की तो त्या चिखलात परत उतरणार नाही, आणि मुकादम म्हणतो की पॅलेट मिळतील, माणसं मिळतील, पण डाव मारायला मालकच पाहिजे. यादीत आजच्या तारखेला एकच काम बाकी आहे: सासूबाईंचा पाटा.